एका बाळंतपणाची एक कवडी

मित्रांनो, आर्णीहून आमच्या तांड्याकडे येणारा रस्ता दोन ठिकाणी उखडलेला आहे. तेवढं सोसून कधी आलात, तर निळ्या दाराच्या घरात, नाहीतर त्याच्या शेजारच्या घरात, नाहीतर आणखी तिसऱ्याच कुठल्या घरात आढ्याला टांगलेला एक जुना सागवानी पाळणा तुम्हाला दिसेल. तो मी. नेमकं घर सांगता येत नाही, कारण माझा पत्ता बदलत असतो. जिथे नवं लेकरू, तिथे मी.

मला आर्णीच्या एका सुताराने घडवलं. तांड्यातल्या रूपसिंगची बायको नंदाबाई तेव्हा पहिल्यांदा बाळंत होणार होती. रूपसिंग रोज सुताराच्या दुकानी येऊन बसायचा आणि माझ्या कडांवरून हात फिरवायचा. कुठे बोटाला टोचलं की म्हणायचा, "इथं आणखी घासा. लेकराचं डोकं लोखंडाचं नसते." म्हणून माझे चारही कोपरे गोल आहेत. इतकी वर्षं झाली, माझ्या लाकडाने एकाही लेकराला ओरखडा काढलेला नाही. एवढा एकच अभिमान मला आहे, तो सांगून टाकला.

तांड्यातली माणसं आता शेती करतात. कापूस, तूर, सोयाबीन. पण त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव जात. आज इथे मुक्काम, उद्या तिथे. तो धंदा संपला, बैल गेले, सवयी मात्र राहिल्या. त्यातली एक माझ्याबाबतची आहे. लेकरू जिकडे जाईल, पाळणा तिकडे जायचा. रिकामा पाळणा मागे ठेवून लेकराला मुक्कामाला न्यायचं नाही. दुसरी सवय कवडीची. एक बाळंतपण झालं की माझ्या पुढच्या दांडीला एक कवडी बांधायची. आता माझ्या दांडीवर कवड्यांची चांगली रांग झाली आहे. वाऱ्याने त्या एकमेकींवर वाजतात आणि लेकरं गप्प होऊन ऐकतात.

माझे चांगले दिवस होते तसे वाईटही आले. तांड्यात लोखंडी नळ्यांचे, वर मच्छरदाणी लावलेले पाळणे आले. रंगीत, घडी होणारे. मग मला कोण विचारतो? नंदाबाईच्या माळ्यावर मी पडून राहिलो. माझ्यात कधी कांदे ठेवले, कधी रिकामी पोती. रूपसिंग वारला, ते मला माळ्यावरच कळलं, खालच्या रडण्यावरून. उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या. कवड्यांवर जाळी धरली.

मला खाली काढलं ते ममताने. ममता म्हणजे नंदाबाईची सून, राजकुमारची बायको. यवतमाळच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. तिच्याइतकी काळजी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. लोखंडी पाळण्याच्या घडीत बोट अडकतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तिला मी हवा होतो. तिने मला गरम पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं, नव्या दोऱ्या आणल्या. तिचं पहिलं लेकरू अजून यायचं होतं. आधी तुरीचं पोतं ठेवलं आणि झोके दिले. जोरात दिले. मग आढ्याकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं, पुन्हा झोके दिले.

नंदाबाई दारात बसून गंमत पाहत होती. "तुरीले झोप लागली काय व?" ती म्हणाली.

"लागू द्या, याडी," ममता म्हणाली. आमच्याकडे आईला याडी म्हणतात, ती सासूलाही तेच म्हणायची. "दोरी तुटायची असंल तर तुरीवर तुटू द्या."

पहिली मुलगी झाली, उज्ज्वला. नंदाबाईने एक कवडी बांधली. उज्ज्वला चालू लागली, अंगणवाडीत जाऊ लागली, आणि ममता पुन्हा बाळंत झाली. या खेपेला जुळी. मुलगा आधी आला, मुलगी थोड्या वेळाने. नंदाबाईने नावं ठेवली बादल आणि बिजली. मी एकच होतो, म्हणून दोघं माझ्यातच. एकाचं डोकं पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला, मध्ये पाय. वजन दोन्हीकडे सारखं, त्यामुळे झोका सरळ जायचा. नंदाबाई कवडी बांधायला बसली तेव्हा शेजारणीने विचारलं, दोन बांधणार का. नंदाबाई म्हणाली, "बाळंतपण एक, तर कवडी एक. हिनं काय दोनदा कळा काढल्या?"

हे बोलणं लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे ते कामी येणार आहे.

आमच्या अंगणवाडीच्या बाजूला तांड्याची जुनी विहीर आहे. तिचा कठडा एका बाजूने पडलेला. पाणी नळाला येतं, त्यामुळे विहिरीकडे कोणी पाहत नाही, पण पोरं मात्र तिच्या काठाला लागूनच खेळतात. ममता उज्ज्वलाला सोडायला जायची तेव्हा तिचं मनगट इतकं घट्ट धरायची की पोरीच्या हातावर बोटं उमटायची. आमच्या वॉर्डाची सदस्य देवीलालची बायको होती, पण कारभार देवीलाल पाहायचा. ममताने त्याला कठड्याबद्दल दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, ठराव घेतला आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, "वहिनी, तुमच्या पोरीले तुम्ही सांभाळा, विहिरीले आम्ही सांभाळतो." त्यानंतरच्या आठवड्यात अंगणवाडीजवळ चरणारी एक बकरी विहिरीत पडली. बकरी होती म्हणून लोक हसले. ममता हसली नाही. घरी आली, मला झोका देत राहिली. लेकरं झोपली तरी देत राहिली.

थोड्याच दिवसांत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सोडतीत आमच्या वॉर्डाची जागा नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला अशी निघाली. म्हणजे आमच्या समाजाची बाई उभी राहू शकत होती. ममताने ठरवलं, विहिरीसाठी उभं राहायचं.

तांड्यात असं काही ठरलं की आधी नायकाला बोलवतात. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. आमचे नायक प्रेमसिंग, पांढऱ्या मिशांचे, बोलायला मिस्कील. ते येऊन माझ्यासमोरच्या खाटेवर बसले. ममता डोक्यावर पदर घेऊन आतल्या दाराशी उभी राहिली. राजकुमारने चहा ठेवला.

"उभं राहाले काय काय लागते, माहीत हाये काय?" नायकांनी विचारलं.

मी वरून सगळं ऐकत होतो, म्हणून मलाही कळलं. वयाची एकवीस वर्षं पुरी पाहिजेत. "मत टाकता येते अठराव्या वर्षी, उभं राहता येते एकविसाव्या. मधची तीन वर्षं नुसतं पाहा अन् शिका," नायक म्हणाले. ममता सत्तावीसची. गावच्या मतदार यादीत नाव पाहिजे. लग्न झाल्याबरोबर ममताने माहेरच्या यादीतून नाव काढून इथल्या यादीत घातलं होतं. राजकुमार तेव्हा म्हणालेला, एवढी काय घाई.

मग शिक्षण. तिच्या वयाच्या उमेदवाराला निदान सातवी पास असावं लागतं. यावर नंदाबाई म्हणाली, "सातवी कायची, ते बी.ए. हाये. तिची पुस्तकं माळ्यावर या पाळण्यासंगच होती." जातीचा दाखला लागतो, राखीव जागेसाठी पडताळणीचं प्रमाणपत्रही. ते कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळीच काढलेलं होतं आणि प्लास्टिकच्या पिशवीत, वर दुसऱ्या पिशवीत, डब्यात ठेवलेलं होतं. ग्रामपंचायतीचा कर थकलेला नसावा. घर सरकारी जागेवर अतिक्रमण करून बांधलेलं नसावं. नायकांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, रूपसिंगच्या वेळेस हे घर गावठाणातच होतं, ती चिंता नाही. घरात संडास पाहिजे आणि तो वापरात पाहिजे.

"वापरात हाये काय?" नायकांनी राजकुमारकडे पाहिलं.

राजकुमार चहाच्या कपात पाहू लागला. नंदाबाई म्हणाली, "बाया वापरतात. हा सकाळी बाटली घेऊन वावराकडं जातो. म्हणते मोकळ्या हवेत बरं वाटते."

"उद्यापासून बंद कर गा," नायक म्हणाले. "बायकोची उमेदवारी बाटलीत जाईल."

सगळे हसले. माझ्यातली दोघंही जागी झाली. नायकांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्यांचं हसणं थांबलं.

"लेकरं किती झाली तुमची?"

तीन, हे सगळ्यांना दिसत होतं.

मित्रांनो, हा नियम आमच्या तांड्यात शाळेतल्या पाढ्यासारखा पाठ आहे. दोनपेक्षा जास्त मुलं असली की उभं राहता येत नाही, आणि निवडून आल्यावर तिसरं झालं तर पद जातं. नायकांच्या स्वतःच्या मुलाचं सदस्यपद असंच गेलं होतं. तेव्हापासून तांड्यात कोणी निवडणुकीचं नाव काढलं की लोक आधी पोरं मोजतात. तिसऱ्यापाशी आले की मोजणं थांबवतात. पुढे काही लिहिलेलं असेल, असं कोणाच्या मनात येत नाही.

नायकांनी मिशीवरून हात फिरवला. "एक मार्ग हाये. राजकुमार, तुही बहीण महागावले हाये. तिले लेकरू नाई. या दोघांतलं एक छाननी होईपर्यंत तिच्याकडं ठेवा. कागदावर दोन लिहा. छाननीत अर्ज पास झाला का मंग आणा."

"कोणतं?" नंदाबाईने विचारलं.

"आता ते मी सांगू काय?" नायक म्हणाले. पण त्यांचे डोळे माझ्या पश्चिमेच्या बाजूला गेले होते. तिथे बिजली होती.

ममता पदराआडून म्हणाली, "नायककाका, विहीर पोरीसाठी झाकायची अन् पोरगीच लपवायची काय?"

नायकांना असं उत्तर दारातून यायची सवय नव्हती. ते उठले, चप्पल घातली आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "विहीर सगळ्या तांड्याच्या पोरींसाठी हाये. तू विचार कर."

ममताने विचार केला. फोनवर नियम शोधले, व्हिडिओ पाहिले. प्रत्येकात तेच, दोनपेक्षा अधिक अपत्ये असल्यास अपात्र. तिने पंचायतीत जाऊन विचारलं, तिथेही तेच. देवीलालच्या बायकोसमोर दुसरी कोणी उभी राहायला तयार नव्हती. म्हणजे ती बिनविरोध येणार आणि विहीर आणखी पाच वर्षं तशीच राहणार. उज्ज्वलानंतर बादल आणि बिजलीही त्याच अंगणवाडीत जाणार होते. शेवटी ममता हो म्हणाली. म्हणताना ती माझी दोरी धरून उभी होती.

नणंद दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ती फार चांगली बाई होती, हेच अवघड होतं. तिने बिजलीसाठी नवी दुपटी शिवून आणली होती, दुधाची बाटली उकळून आणली होती. बिजलीला तिने इतक्या हळूच उचललं की मला वजन गेल्याचं आधी कळलंच नाही. मग तिने सहज विचारलं, "याडी, पाळणा?"

नंदाबाई सवयीने पुढे आली. लेकरू निघालं, म्हणजे पाळणा निघाला. तिने गाठीला हात घातला, अर्धी सोडलीसुद्धा. तेवढ्यात माझ्यातून बादलने तिचा पदर धरला.

नंदाबाई तशीच उभी राहिली. गाठ हातात, पदर बादलच्या मुठीत. लेकरू महागावला चाललं होतं आणि लेकरू घरीही होतं. माझे दोन तुकडे तर करता येत नव्हते.

"राहू द्या," ममता म्हणाली. "थोड्या दिवसांचाच प्रश्न हाये."

नंदाबाईने गाठ पुन्हा बांधली. बिजली पाळण्याशिवाय गेली.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, मला रडता येत नाही. पण मला तोल कळतो. बिजली गेल्यावर मी पूर्वेला झुकलो. बादल घसरून कोपऱ्यात जायचा. झोका दिला की मी तिरका जायचो आणि भिंतीला लागायचो. ममताने पश्चिमेच्या बाजूला गोधडीची गुंडाळी ठेवली. वजन सारखं झालं. बादलने पायांनी चाचपून पाहिलं. तिथे कोणी परत लाथ मारत नव्हतं. त्याने ओठ काढले आणि रडायला लागला, ते थांबेना. ममताने ती गोधडी काढून फेकून दिली.

सकाळी ती पहिल्या बसने महागावला गेली. दुपारच्या आत बिजलीला घेऊन परत आली. नणंदेने काही विचारलं नव्हतं, फक्त दुपटी सोबत दिली होती. ममताने बिजलीला माझ्यात ठेवलं, पश्चिमेला डोकं करून. बादलने तिला लाथ मारली, बिजलीने त्याला मारली. मी सरळ झालो.

राजकुमार म्हणाला, "मंग फॉर्म भरायचा नाई ना?"

"भरायचा," ममता म्हणाली. "तिन्ही नावं लिहून. नामंजूर झाला तर झाला. मी लेकरू खोडून उभी राहणार नाही."

नंदाबाई माझ्या कवड्या बोटांनी चाळवत होती. ती राजकुमारला म्हणाली, "भर रे. माह्याच हातानं मी यांची कवडी एक बांधली, अन् मीच यांले दोन जागी कराले निघालती."

अर्ज भरायला राजकुमार आर्णीच्या संगणक केंद्रावर गेला. तिथल्या माणसाने तीन नावं पाहून सांगितलं, कायले मेहनत करता, हा उडणारच. राजकुमार म्हणाला, "तुम्ही टाइप करा, उडवणारे तिकडं बसले हाये." अर्जाच्या खाली सही करणारी सूचक बाई आमच्याच वॉर्डाची मतदार लागते. ती शेजारीण झाली, जिने दोन कवड्या बांधायचं विचारलं होतं.

छाननीच्या दिवशी ममता तहसीलला निघाली तेव्हा नंदाबाईने माझ्या गाठी सोडल्या. दिवस किती लागेल सांगता येत नव्हतं, दोघं अंगावर पिणारी, म्हणून ती सोबत हवीत. आणि लेकरू जिकडं, पाळणा तिकडं. राजकुमारने मला ऑटोच्या टपावर बांधलं. माझ्या कवड्या आर्णीपर्यंत वाजत होत्या.

तहसीलच्या आवारात एक कडुनिंब आहे, त्याची एक फांदी खिडकीपाशी जाते. नंदाबाईने मला त्या फांदीला बांधलं. ममताने दोरी ओढून पाहिली, दोनदा. शिपाई धावत आला.

"बाई, सरकारी झाडाले पाळणा नाही बांधता येत."

"काहून?" नंदाबाई म्हणाली. "हे बी अतिक्रमण होते काय? लेकरं उठली का सोडून नेतो आमची जागा."

शिपाई माझ्यातल्या दोन डोक्यांकडे पाहून परत गेला. जाताना उन्हाच्या बाजूला त्याने एक फाईलचा पुठ्ठा टेकवून ठेवला.

खिडकी उघडी होती, म्हणून आतलं मला ऐकू येत होतं. निवडणूक निर्णय अधिकारी पद्मजा मॅडम होत्या, चष्मा लावलेल्या, थोड्या दमलेल्या. एकेकाचा अर्ज काढायच्या, विचारायच्या, पुढे जायच्या. एका गावाच्या उमेदवाराचं वय भरत नव्हतं, त्याचा गेला. एकाने जातपडताळणीचा काहीच कागद जोडला नव्हता, त्याचाही गेला. मग ममताचं नाव आलं.

बायकोच्या वतीने आलेला देवीलाल उठला. "मॅडम, माझा आक्षेप हाये. या बाईले तीन अपत्यं हाये. अर्जातच लिहिलं हाये. मी काही बाहेरून आणलं नाही."

आक्षेप घेणं हा त्याचा हक्क होता आणि तो खोटं बोलत नव्हता. ममतासोबत आलेल्या नायकांनी मान खाली घातली.

मॅडमनी विचारलं, "ममताबाई, आक्षेपावर तुमचं काय म्हणणं आहे?"

"तीन आहेत," ममता म्हणाली. "खरं आहे ते. मला दुसरं काही म्हणायचं नाही."

मॅडम अर्ज पाहत राहिल्या. "या खालच्या दोघांची जन्मतारीख एकच लिहिली आहे. चूक झाली का?"

"चूक नाही मॅडम. जुळी आहेत."

"दाखले?"

ममताने पिशवीतून पिशवी काढली, तिच्यातून दाखले काढले. मॅडमनी ते पाहिले. मग त्यांनी टेबलावरचं जाड पुस्तक ओढलं आणि पानं उलटली. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. त्या वाचू लागल्या. नियम तोच होता, सगळ्यांना पाठ असलेला. पण त्या तिथे थांबल्या नाहीत, खालचं स्पष्टीकरणही वाचलं. ज्या जोडप्याला एकच मूल आहे, त्याला पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली, तरी ती मिळून एकच धरायची.

"पहिली उज्ज्वला, एक," मॅडम म्हणाल्या. "ही दोघं मिळून एक. आक्षेप फेटाळला. अर्ज वैध."

देवीलाल म्हणाला, "मॅडम, पण डोकी तर तीन हाये ना."

"डोकी तीनच आहेत, देवीलालजी. कायद्यानं इथे बाळंतपण मोजलं आहे." मग त्या ममताकडे वळल्या. "तुम्ही दोनच लिहिली असती आणि हे मागाहून निघालं असतं, तर खोट्या घोषणापत्रासाठी अडचणीत आला असता. खरं लिहिलंत म्हणून मला ही तारीख दिसली."

ममता दाखले पिशवीत घालून उठली. ती सरळ बाहेर आली, माझ्या दांडीवर कपाळ टेकवलं आणि तशीच उभी राहिली. नंदाबाईला आतलं नीट समजलं नव्हतं. ती घाबरून म्हणाली, "काय झालं व? उडाला काय?"

"नाही, याडी. पास झाला. तुमची कवडी बरोबर निघाली."

नंदाबाईने कवडीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "मंग एवढे दिवस काहून सांगतलं नाई त्याइनं?"

नायक मागून आले. माझ्या पश्चिमेच्या बाजूला वाकून त्यांनी बिजलीच्या तळपायाला बोट लावलं. "मह्या पोराचं गेलं ते तिसऱ्यामुळं गेलं, ते बरोबरच होतं," ते म्हणाले. "पण त्यानंतर मी बी खालचं वाचलं नाई. या पोरीले मी महागावले धाडलं."

"वापस आली ना ते," नंदाबाई म्हणाली. "चला, सरकारी झाड मोकळं करू."

ममता निवडून आली. फार मतांनी नाही. विहिरीची जाळीही लगेच बसली नाही. त्यासाठी तिला मासिक सभांमध्ये तोच विषय पुन्हा पुन्हा काढावा लागला, आणि पुष्कळदा बिजलीला मांडीवर आणि बादलला राजकुमारच्या कडेवर देऊन जावं लागलं. पण कठडा बांधला गेला, वर लोखंडी जाळी बसली. पहिल्या दिवशी ममता तिच्यावर स्वतः उभी राहिली, मग खाली उतरली, मग उज्ज्वलाचा हात सोडला. हे मला उज्ज्वलाने सांगितलं. ती रोज शाळेतून आली की माझ्यातल्या दोघांना सगळं सांगते, दोघंही आता मावत नाहीत तरी माझ्यात बसून ऐकतात.

परवा देवीलाल दारात आला. बराच वेळ विहिरीवर बोलला, पावसावर बोलला. शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाला, "सून बाळंत झाली. मुलगी हाये. पाळणा मोकळा असंल तर..."

नंदाबाई ममताकडे पाहू लागली. ममताने बादलला उचलून खाली ठेवलं, मग बिजलीला, आणि माझ्या गाठी सोडायला घेतल्या.

देवीलालच्या घरी मला टांगलं. त्याची सून लेकराला घेऊन उभी होती, पण ममताने तिला थांबवलं. "आधी तुरीचं पोतं आणा."

देवीलालने पोतं आणलं. ममताने ते माझ्यात ठेवलं, जोरात झोके दिले, आढ्याकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं.

"आता काय आमची छाननी करता काय वहिनी?" देवीलाल म्हणाला.

"तुमची झाली, भाऊजी," ममता म्हणाली. "दोरीची राहिली होती."

तर मित्रांनो, सध्या माझा पत्ता हा आहे. पुढच्या दांडीला एक नवी कवडी आली आहे. तुम्ही मोठे व्हाल, एकवीस पुरे कराल, कदाचित तुमच्यातला कोणी एखादा अर्जही भरेल. तेव्हा नियम अर्ध्यावर सोडू नका, त्याच्या खालची ओळही वाचा. आणि कोणाच्याही अर्जासाठी घरातलं लेकरू घराबाहेर ठेवू नका. तोवर माझं एवढंच मागणं. माझ्यासारखा एखादा जुना पाळणा तुमच्या माळ्यावर असेल, तर त्यात कांदे ठेवू नका. खाली काढा, धुवा, आणि लेकरू घालण्याआधी त्याची दोरी पाहा. एकदा पाहिली असेल, तरी पुन्हा पाहा.